काजूच्या हंगामात टेन्स: डिचोलीतल्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

कामाची चौकट आधी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका फिजिओथेरपी केंद्रातून कंबर आणि गुडघ्याच्या जुन्या, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक रेंगाळलेल्या दुखण्यासाठी विजेची यंत्रे, म्हणजे टेन्स (त्वचेवर पॅड चिकटवून मज्जातंतूंना विजेचे हलके ठोके देणारे) आणि ईएमएस (तसेच ठोके देऊन स्नायू आवळणारे), घरी वापरायला द्यायची. कोणाला द्यायची, कोणाला नाही, काय शिकवून द्यायची आणि परत आली की काय तपासायचे, एवढेच या नोंदींत येईल.

दुकानात 'मसल स्टिम्युलेटर' मागितला की दोन वेगळ्या कामांची यंत्रे एकाच नावाने पुढे येतात. टेन्स त्वचेखालच्या स्पर्शाच्या जाड मज्जातंतूंना चाळवते, स्नायू हलवणे हा तिचा हेतू नाही. ईएमएस स्नायूचे आकुंचन घडवते, दुखणे कमी करणे हा तिचा थेट हेतू नाही. बऱ्याच यंत्रांत दोन्ही असतात आणि बटणावर फक्त 'मसाज', 'कपिंग', 'ॲक्युपंक्चर' असली नावे असतात. पल्सची, म्हणजे विजेच्या एका ठोक्याची, रुंदी, वारंवारिता (सेकंदाला किती ठोके) आणि चालू-बंद वेळ वेगवेगळी लावता येत नाही असे यंत्र या कामाला घ्यायचे नाही. मोड पंधरा असोत की पंचवीस.

पुराव्याची स्थिती दोन्ही बाजूंनी नोंदवून ठेवतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला (स्पर्शाचे संदेश दुखण्याच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवतात), त्यावर टेन्सची उभारणी झाली. पण जुन्या दुखण्यावरचे आपलेच आधीचे आढावे गोळा करून २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतलेल्या आढाव्यात पुराव्याचा दर्जा फार कमी निघाला आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले. उलट बाजूला, २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणात टेन्स चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच मोजलेले दुखणे खोट्या यंत्रापेक्षा कमी दिसले. फायब्रोमायल्जिया (अंगभर रेंगाळणारे दुखणे) असलेल्या स्त्रियांवरच्या २०२० च्या प्रयोगात रोज दोन तास, हालचाल करताना आणि सोसवेल तेवढ्या जोरात टेन्स वापरल्यावर हालचालीचे दुखणे उतरले.

दोन्ही एकत्र वाचले की रस्ता दिसतो. यंत्र दुखणे बरे करत नाही. ते चालू असते तेवढा वेळ, आणि नंतर थोडा वेळ, दुखणे खाली येते. मग ती वेळ खाटेवर पडून घालवायची का? ती चालण्यात, व्यायामात आणि रोजच्या कामात घालायची, हे या प्रकल्पाचे गृहीतक आहे.

९ मार्च

टेबलावरची चाचणी. अंगाला काहीही जोडलेले नसताना यंत्राच्या दोन टोकांमध्ये अंगाच्या जागी ५०० ओहमचा रोधक, त्यावर ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरीचा आकार दाखवणारे उपकरण). मल्टिमीटरची एसी रेंज इथे निरुपयोगी आहे: ती ५० हर्ट्झच्या साइन लहरीसाठी बनवलेली असते आणि २०० मायक्रोसेकंदांच्या टोकदार पल्सला काहीतरी भलताच आकडा दाखवते.

नमुना अ (९ व्होल्टची बॅटरी, दोन चॅनेल, फिरवायचे डायल): डायल शेवटपर्यंत नेल्यावर ५०० ओहमवर शिखर ३० व्होल्ट, म्हणजे ६० मिलिअँपिअर. रोधक १००० ओहमचा केल्यावर ५७ व्होल्ट. ओहम दुप्पट झाले तसा व्होल्टेजही जवळपास दुप्पट झाला, म्हणून हे स्थिर प्रवाहाचे यंत्र.

नमुना आ (रिचार्जेबल, बटणाचे): ५०० ओहमवर ३६ व्होल्ट, १००० ओहमवर ३९ व्होल्ट. हे स्थिर व्होल्टेजचे.

हा फरक वापरताना फार जाणवतो. पॅड अर्धवट सुटला तर स्थिर व्होल्टेजचे यंत्र हलके लागते आणि माणूस म्हणतो, 'बॅटरी संपली वाटते.' स्थिर प्रवाहाचे यंत्र मात्र तेवढाच प्रवाह उरलेल्या चिंचोळ्या जागेतून ढकलते आणि चटका बसतो. हिशोब असा: ४० मिलिअँपिअर, २०० मायक्रोसेकंद, १०० हर्ट्झ या सेटिंगला मुख्य पल्सचा प्रभावी प्रवाह साधारण ५.७ मिलिअँपिअर येतो. ५ × ५ सेंमीच्या पॅडवर तो दर चौरस सेंटिमीटरला ०.२३ पडतो. पॅड सोलून अडीच चौरस सेंटिमीटरच चिकटलेला राहिला तर २.३. अशा यंत्रांचे आंतरराष्ट्रीय मानक २ च्या पुढे जास्त काळजी घ्यायला सांगते. म्हणजे चूक सेटिंगची नसते, चिकटण्याची असते.

नमुना इ (सर्वात स्वस्त): इथे मल्टिमीटरची डीसी रेंज कामाला आली. ५०० ओहमवर सरासरी शून्याच्या आसपास हवी, ती ०.४ व्होल्ट निघाली. म्हणजे ०.८ मिलिअँपिअर एकाच दिशेने सतत वाहतो आहे. समतोल नसलेल्या प्रवाहामुळे ऋण पॅडखाली अल्क आणि धन पॅडखाली आम्ल तयार होते. अर्ध्या तासात लाली, तर रोज दोन तास वापरल्यावर त्वचा सोलवटून निघू शकते. हा नमुना बाद.

नमुना आ वापरणाऱ्यांसाठी एक कडक नियम: चार्जरला लावलेले यंत्र अंगावर नको. मोबाइलचा कुठलाही चार्जर त्यात बसतो, म्हणूनच हे सांगावे लागते.

१५ मार्च

नकाराची यादी. पेसमेकर किंवा छातीत बसवलेले शॉक देणारे यंत्र, शिरेत झालेली रक्ताची गाठ, दुखत्या जागी कर्करोग, गरोदरपणात पोट व कंबर, अपस्मार असेल तर डोके व मान. गळ्याच्या पुढच्या बाजूला कोणालाच नाही: तिथल्या कॅरोटिड सायनसला (रक्तदाब जाणणाऱ्या रक्तवाहिनीच्या भागाला) धक्का लागून रक्तदाब आणि नाडी एकदम उतरू शकते. छातीवर एक पॅड आणि पाठीवर दुसरा, असेही नाही.

मधुमेह असेल तर पॅड लावायच्या जागी आधी कापूस आणि टूथपिक. डोळे मिटवून विचारायचे: टोकदार की मऊ? उत्तर चुकत असेल तर त्या जागी पॅड नाही, कारण चटका बसला तरी त्या माणसाला कळणार नाही. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते.

ट्रामाडॉल किंवा तत्सम अफूवर्गीय वेदनाशामक गोळी रोज चालू आहे का, हेही विचारायचे. २ ते ४ हर्ट्झची टेन्स मज्जासंस्थेतल्या ज्या म्यू रिसेप्टरवर काम करते, त्याच रिसेप्टरवर ती गोळी काम करते. गोळीला सरावलेल्या शरीरात कमी वारंवारितेचा गुण फारसा दिसत नाही. अशांना ८० हर्ट्झच्या वर.

यंत्र न देता थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे असे: पायातली ताकद नव्याने गेलेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटलेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, दुखण्यासोबत ताप किंवा घटते वजन. इथे दुखणे दाबणे म्हणजे वेळ घालवणे.

२२ मार्च

सुरुवातीची सेटिंग. कंबरेसाठी दोन चॅनेल, चार पॅड, कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन बोटांवर, वरची जोडी बरगड्या संपतात त्याखाली आणि खालची कमरेच्या हाडाच्या पातळीला. मणक्याच्या टोकांवर पॅड नको, हाडावर टोचते. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढे अंतर हवे. जवळ लावले तर प्रवाह वरच्यावर फिरतो, लांब लावले तर खोल जातो. गुडघ्याला वाटीच्या वर दोन, खाली दोन, वाटीवर एकही नाही. केस असतील तर कात्रीने बारीक करायचे, वस्तरा नको, कारण वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या चिरांवर प्रवाह झोंबतो.

वारंवारिता १००, रुंदी २०० मायक्रोसेकंद. वेळ ३० मिनिटांपासून.

सगळ्यात जास्त बिघडते ती तीव्रता. 'थोडे थोडे मुंग्या आल्यासारखे' एवढ्यावर बहुतेक थांबतात आणि तेवढ्याने काही होत नाही. डायल वाढवताना आधी झिणझिण्या येतात, मग जोरदार झिणझिण्या, मग स्नायू ओढला जातो किंवा दुखते. तिसऱ्या टप्प्याला पोचून किंचित मागे यायचे. पाच मिनिटांत शरीर सरावते आणि जोर कमी वाटू लागतो, तेव्हा पुन्हा तेवढाच जाणवेपर्यंत वाढवायचे. शिकवताना केंद्रातल्या ताई सांगतात ते वाक्य पत्रकावर तसेच घेतले आहे: 'मावशी, सोसवेल तेवढे जोरात, पण दात आवळावे लागता कामा नयेत.'

केंद्रात शिकवताना शॉर्टवेव्हचे (रेडिओलहरींनी शेक देणारे) यंत्र चालू असेल त्या टेबलाजवळ टेन्स लावायची नाही. मीटरभराच्या आत टेन्सचा प्रवाह अस्थिर होऊ शकतो. दुसऱ्या खोलीत बसवावे हे उत्तम.

३ एप्रिल

काजूचा हंगाम भरात. बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचणे म्हणजे दिवसभर वाकणे, आणि इथेच गृहीतक तपासायला मिळते. यंत्र घरी आराम करताना लावण्याऐवजी बागायतीत, कामाच्या पहिल्या दोन तासांत.

सरळ उभे असताना लावलेले पॅड वाकल्यावर सुटतात. वाकताना कमरेची त्वचा ताणली जाते, जेल ताणले जात नाही, त्यामुळे आधी कड उचलते. उपाय: किंचित पुढे वाकवून पॅड लावायचे आणि चारही कडांवर मायक्रोपोर पट्टी मारायची. उभे राहिल्यावर त्वचेला हलक्या सुरकुत्या पडतात, त्या चालतात.

साडी नेसणाऱ्यांच्या परकराची नाडी नेमकी खालच्या पॅडच्या रेषेत येते. नाडीचा दाब वायरच्या पिनेवर आला की पिन हलते आणि प्रवाह एकदम तुटतो-जुळतो, आणि जुळतो तेव्हा झटका लागतो. पॅड दोन बोटे वर सरकवले आणि पिनेचे तोंड वरच्या दिशेला केले की प्रश्न संपतो. यंत्र कमरेला कापडी पिशवीत, डायल आत वळवून. उघडा डायल पदराला अडकून फिरतो.

बोंडूचा रस चिकट असतो आणि घामासोबत पॅडवर उतरतो. हाताने पॅड पुन्हा दाबायच्या आधी हात धुवायचे. बिया फोडणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण टरफलाच्या तेलाने त्वचा भाजते आणि ते पॅडखाली गेले तर दोष यंत्राला लागतो.

वेचणे, बी पिळून वेगळी करणे, टोपली वाहणे ही कामे यंत्र चालू ठेवून चालतात. आडोळीवर (विळीवर) बसणे, कोयता चालवणे, झाडावर किंवा शिडीवर चढणे, विहिरीतून पाणी काढणे नाही. मोटरसायकल पायलटांनाही, म्हणजे भाड्याने दुचाकीवर प्रवासी नेणाऱ्यांनाही, तेच: गाडीवर असताना बंद. एक झटका पुरतो हँडल वळायला. स्टँडवर भाड्याची वाट पाहत उभे असताना चालेल.

१९ एप्रिल

गुडघ्यांसाठी ईएमएस. गुडघा दुखतो म्हणून माणूस पाय कमी वापरतो, मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, मग जिना उतरताना गुडघा आणखी दुखतो. इथे टेन्सपेक्षा स्नायू जागा करणे जास्त कामाचे.

सेटिंग: ५० हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंद, चढायला २ सेकंद, १० सेकंद चालू, ५० सेकंद बंद. पॅड मोठे, ५ × ९ सेंमी: एक मांडीच्या वरच्या बाहेरच्या भागावर, दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या बाजूच्या फुगीर स्नायूवर. खुर्चीत बसून, गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून, घोटा खुर्चीच्या पायाला पट्ट्याने बांधून. पाय मोकळा सोडला तर तो उडतो आणि गुडघ्यालाच झटका बसतो. प्रवाह चढला की माणसाने स्वतःही जोर लावायचा. दहा ते पंधरा आकुंचने, आठवड्यातून तीन दिवस.

'५० सेकंद नुसते बसून काय करायचे?' असे म्हणून बंद वेळ कमी केली जाते. करू नये. आपण स्वतः स्नायू आवळतो तेव्हा तंतू आळीपाळीने काम करतात. विजेने आवळला की पॅडजवळचे तेच तंतू दर वेळी एकदम ओढले जातात आणि भराभर थकतात. बंद वेळ १५ सेकंदांवर आणली की चौथ्या-पाचव्या आकुंचनाला जोर निम्मा दिसतो, आणि मग डायल वाढवून तो भरून काढला जातो. दुसऱ्या दिवशी मांडी इतकी दुखते की व्यायाम बंद पडतो. मांडी बोटाने दाबल्यावर एक-दोन दिवस दुखणे ठीक. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर यंत्र बंद आणि तातडीने डॉक्टर. संपूर्ण अंगाच्या ईएमएस सूटमध्ये स्नायू तुटून मूत्रपिंडाला धोका झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

६ मे

'पहिले तीन-चार दिवस छान वाटले, आता नाही.' ही तक्रार अपेक्षितच होती. एकाच वारंवारितेने, एकाच जोराने रोज वापरले की चौथ्या-पाचव्या दिवसापासून गुण उतरतो. प्राण्यांवर आणि निरोगी माणसांवर हे दाखवले गेले आहे.

तीन उपाय सुचवले: कामाच्या वेळी १०० हर्ट्झ, संध्याकाळी घरी ४ हर्ट्झ. रोज तीव्रता थोडी वर. आठवड्यातून एक दिवस यंत्र बंद. ४ हर्ट्झला स्नायू ठोके दिल्यासारखा उडायला हवा, म्हणून ती कामाच्या वेळी लावता येत नाही, आणि संध्याकाळी बसल्या जागी ती बरोबर बसते. एका छोट्या प्रयोगात २०० मिलिग्रॅम कॅफीननंतर टेन्सचा गुण कमी झाला होता, म्हणून कडक कॉफी यंत्राच्या आधी घेऊ नये. चहावर बंदी घालायला गेलो असतो तर डिचोलीत यंत्रे परत आली असती, आणि एका कपात तेवढे कॅफीन नसतेही.

१७ जून

पाऊस बसला आणि पॅडचे हाल सुरू झाले. हवेतला ओलावा पिऊन जेल फुगते, पातळ होते, घसरते. मार्चमध्ये उलट होते: कडा सुकून कडक व्हायच्या, तेव्हा पाण्याचा एक थेंब बोटाने पसरला की जेल जिवंत व्हायचे. पावसात पाण्याला हात लावायचा नाही. फुगलेला पॅड चिकट बाजू वर करून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, मग प्लॅस्टिकच्या पानावर परत बसवून बंद पिशवीत.

त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची. खोबरेल तेल चोळून लगेच पॅड लावणे ही सर्वात सरसकट आढळणारी चूक. तेलाचा थर विजेला अडवतो, पॅड धरत नाही, आणि तेल जेलमध्ये मुरले की तो पॅड गेला. मेंथॉलच्या बामवर पॅड नको, आग होते. तेल किंवा बाम लावायचेच असेल तर यंत्रानंतर.

पावसाळ्यापुरते काळे कार्बन-रबर पॅड देऊन पाहत आहोत. वेगळे जेल लावावे लागते, पट्टीने बांधावे लागतात, कटकट आहे. पण धुता येतात आणि ओलाव्याने बिघडत नाहीत. जेल सगळीकडे सारखे लावायचे, मधे गोळा आणि कडेला कोरडे असे नको. रबर जुने झाले की त्याचा रोध वाढतो. नव्या पॅडचा आकडा मल्टिमीटरवर मोजून पाठीमागे लिहून ठेवला, म्हणजे जुना किती बिघडला ते कळते.

५ जुलै

परत आलेल्या यंत्रांत बॅटरीपेक्षा वायरी जास्त गेलेल्या. तुटण्याची जागा ठरलेली: २ मिमी पिनेच्या मानेजवळ, कारण पॅड काढताना वायर धरून ओढली जाते. मल्टिमीटर बझरवर ठेवून मान हळूहळू वाकवायची. आवाज तुटक आला की वायर फेकायची, चिकटपट्टी लावून चालवायची नाही. पॅड काढायचा तो कडेला धरून, केस ज्या दिशेला आहेत त्या दिशेने.

९ व्होल्टची बॅटरी साठवणीत यंत्रातून काढून ठेवायची. या हवेत स्प्रिंगला हिरवट गंज चढतो. यंत्र डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी.

२१ जुलै

नोंदीचे पत्रक बदलले. 'आज किती दुखले?' हा प्रश्न काढून टाकला. त्याचे उत्तर झोप, पाऊस आणि घरातली भांडणे यांवर ठरते. आता ० ते १० ची पट्टी दोनदा: बसून, आणि एक ठरलेली हालचाल करताना. गुडघ्याला खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे, कंबरेला वाकून बादली उचलणे. यंत्राच्या आधी, चालू असताना तिसाव्या मिनिटाला, आणि बंद केल्यावर तासाने. पट्टीवर साधारण २ गुणांचा किंवा ३० टक्क्यांचा फरक पडला तर तो माणसाच्या लेखी खरा धरतात, त्याहून कमी असेल तर 'बरे वाटते' एवढ्यावर यंत्र पुढे द्यायचे नाही.

यंत्र विकत घ्यावे का, असे विचारणाऱ्यांनाही हेच पत्रक. दोन आठवडे भरून आणायचे, दोन्ही वारंवारिता आणि पूर्ण जोर वापरून. बसून फरक आहे पण हालचालीत नाही, तर पॅडची जागा बदलून आणखी एक आठवडा. हालचालीत फरक आहे तर पायऱ्यांचा किंवा चालण्याचा व्यायाम त्याच तासात सुरू करायचा आणि तो आठवड्यागणिक वाढवायचा. कशातच नाही तर यंत्र परत, वायरी व पॅड तपासून पुढच्या नावावर. घेणार असतील त्यांनी पेटीवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक पाहावा, पल्सची रुंदी मायक्रोसेकंदांत छापलेली आहे का ते पाहावे, आणि पॅडचे सुटे जोड सहज मिळतात का ते दुकानदाराला आधी विचारावे. यंत्र एकदा घेतले जाते, पॅड दर महिन्याला लागतात.